वाफेचा पंप आणि वाफेची बोट एकाच खोक्यात: साडेसात हजारांचा माल घ्यावा का?

आधी गुण देऊन टाकते, म्हणजे घाई असलेल्यांची सुटका. काचेच्या फुग्याचा पंप: पाचपैकी साडेचार. पत्र्याची बोट: चार. पितळी इंजिन: तीन. सेफ्टी व्हॉल्व्ह: शून्य, आणि हे शून्य हसण्यावारी नेऊ नका. सोबतची माहितीपुस्तिका: रद्दी.

माझं नाशिकला दिंडोरी नाक्याजवळ मोटार रिवायंडिंग आणि पंपदुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवते. दिवसभर मोनोब्लॉक, सबमर्सिबल, जळकी वाइंडिंग आणि "ताई, आज संध्याकाळपर्यंत द्याच, बाग सुकायला लागलीये" एवढंच. वाफेवर चालणारी वस्तू मी स्वतःहून कशाला मागवली असती? पण भाची नववीत आहे. तिला विज्ञान प्रदर्शनात पाणी उपसणारं वाफेचं यंत्र मांडायचं होतं. "मावशी, तुझं सगळं आयुष्य पंपात गेलं, तूच बघ ना," म्हणत तिने ते माझ्या गळ्यात घातलं. ऑनलाइन मागवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच माल याच फोटोंसकट चार वेगवेगळ्या नावांनी विकायला ठेवलेला दिसला. माझ्या खोक्यावर तर नावच नव्हतं, नुसतं इंजिनाचं चित्र.

आत मुख्य वस्तू तीन. पहिली, जाड काचेचा फुगा, साधारण पाव लिटरचा, त्याला वर-खाली पितळी एकमार्गी व्हॉल्व्ह आणि लांब पारदर्शक नळी. दुसरी, चहाच्या ग्लासाएवढा पितळी बॉयलर, झुलत्या सिलिंडरचं इंजिन, फ्लायव्हील आणि त्याला जोडायचा इवलासा प्लंजर पंप. तिसरी, वीतभर लांब पत्र्याची बोट, पोटात तांब्याच्या नळीचं वेटोळं आणि नळीची दोन्ही टोकं मागे पाण्याखाली उघडी. शिवाय इंधनाच्या पांढऱ्या वड्या, ड्रॉपर, थोडे वायसर आणि ती पुस्तिका.

फुग्यापासून सुरुवात करते, कारण पैसे वसूल होतात ते तिथेच. फुग्यात दोन चमचे पाणी घालायचं आणि खाली दिवा लावायचा. पाणी उकळलं की वाफ वरच्या व्हॉल्व्हमधून बाहेर पडते आणि जाताना आतली हवाही सोबत घेऊन जाते. सुरुवातीला व्हॉल्व्ह थडथडतो, मग फुसफुस एकसारखी होते. तशी झाली की दिवा काढायचा आणि फुग्यावर ओलं फडकं टाकायचं. वरचा व्हॉल्व्ह टक् करून बसतो. क्षणभर काहीच घडत नाही. मग नळीतलं पाणी हलतं, चढायला लागतं, आणि वर पोहोचलं की एवढ्या जोरात घुसतं की फुग्याच्या आत कारंजं उडतं. आम्ही फुगा दुकानाच्या माळ्यावर ठेवला होता, बादली खाली फरशीवर, आणि पाण्यात थोडी नीळ टाकली होती म्हणजे नळीत नीट दिसावं. आठ फूट पाणी चढलं. ना मोटार, ना इंपेलर, ना वायर. दुकानातला पोऱ्या हातातलं काम टाकून बघत उभा राहिला, आणि खरं सांगायचं तर मीही.

ही युक्ती थॉमस सेव्हरी नावाच्या इंग्रजाची. त्याने १६९८ मध्ये पेटंट घेतलं, तेही ‘अग्नीच्या बळावर पाणी वर चढवण्या’चं. डोळ्यांपुढे खाणी होत्या. इंग्लंडातल्या खाणी खोल गेल्या तसं तळाशी पाणी साचायला लागलं, आणि घोडे जुंपून ते उपसणं परवडेना. पुस्तिकेत सेव्हरीबद्दल दोन ओळी आहेत. त्यातही लिहिलंय की वाफ पाणी ‘खेचून’ घेते. इथे माझ्यातली पंपवाली जागी होते.

वाफ काही खेचत नाही. पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे-सतराशे पट जागा व्यापतं. फुगा वाफेने भरला, हवा बाहेर गेली, आणि मग थंड केल्यावर त्या सगळ्या वाफेचे चार थेंब उरले. म्हणजे फुगा रिकामा. आता बादलीतल्या पाण्यावर बाहेरची हवा दाबते आहे आणि आत अडवायला कोणी नाही, म्हणून पाणी चढतं. ढकलणारी हवा, वाफेचं काम फक्त जागा रिकामी करून देण्याचं. दुकानात रोज कोणीतरी येऊन सांगतं, "ताई, मोटार पाणी ओढत नाही." मोटार कधीच पाणी ओढत नाही हो. ती सक्शनच्या तोंडाशी दाब कमी करते, बाकीचं आभाळाचं वजन करतं. म्हणूनच फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) गळका असला किंवा पाइपाने हवा घेतली की दहा हॉर्सपॉवरची मोटारही नुसती भणभणत राहते.

आणि आभाळालाही मर्यादा आहे. समुद्रसपाटीला हवा पाणी जास्तीत जास्त १०.३ मीटर उचलू शकते. नाशिक सहाशेएक मीटर उंचीवर, इथे तो आकडा साडेनऊच्या आसपास येतो, तोही कागदावर. प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे मी कोणाला सक्शन लावून देत नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की शेतकरी मोनोब्लॉक विहिरीत खालच्या ओट्यावर उतरवतात ते यासाठीच. सेव्हरीचीही हीच पंचाईत होती. त्याचं यंत्र खाणीत तळच्या पाण्यापासून पंचवीसेक फुटांच्या आत बसवावं लागे. तिथून पुढे वर चढवायला तो खरोखर वाफेचा दाब वापरायचा: भांड्यात आलेलं पाणी वाफेने वर रेटायचं. आणि तिथेच घात व्हायचा, कारण त्या काळातले सोल्डरचे सांधे दाब सोसायचे नाहीत.

सांध्यांचं दुखणं माझ्या खोक्यातही निघालं. फुग्याला दाबाचं काम नाही, त्यामुळे तो निर्धास्त. बॉयलरच्या बुडाचा सांधा मात्र पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हाच पाझरला. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, "वापरानंतर आपोआप बंद होईल." वा! मग बॉयलर घेऊन जुन्या नाशकात तांबट आळीत गेले. तिथल्या ओळखीच्या काकांनी तो कानाशी धरून हलवला, नखाने सांधा खरवडला आणि म्हणाले, "ताई, हे कथलाचं काम. आत पाणी आहे तोवर टिकेल. पाणी संपलं आणि खाली जाळ राहिला तर सुटून हातात येईल." बरोबर आहे. साधं सोल्डर १८३ अंशाला वितळतं. आत पाणी असेपर्यंत पितळ सव्वाशे-दीडशेच्या वर जात नाही. कोरडं पडलं की मग कसलं काय. काकांनी सगळं जुनं सोल्डर काढून चांदीचं ब्रेझिंग, म्हणजे जास्त उष्णता सोसणारी झाळण, करून दिलं. पैसे विचारले तर म्हणाले, "आधी चालू करून दाखवा." तुम्ही हा माल घेतलात तर पहिला खर्च हाच धरा.

सोल्डरवरून आठवलं, ही गोष्ट पुस्तिकेत हवी होती आणि नाही. सेव्हरीनंतर थॉमस न्यूकोमेन आला. डार्टमथचा लोखंडी सामानाचा व्यापारी. त्याचा जोडीदार जॉन कॅली. त्यांनी पाण्याला वाफेने रेटायचा नाद सोडला आणि सिलिंडरात दट्ट्या बसवला. वाफ खालून भरायची, मग थंड करायची, की वरची हवा दट्ट्याला खाली दाबते. दट्ट्याला तुळई बांधलेली, तुळईच्या दुसऱ्या टोकाला खाणीतल्या पंपाचा दांडा. सुरुवातीला ते सिलिंडर बाहेरून थंड करायचे, त्यामुळे सगळं रेंगाळत चालायचं. असं सांगतात की एकदा सिलिंडरातलं सोल्डरने बुजवलेलं एक भोक उघडं पडलं, गार पाणी थेट आत शिरलं आणि वाफ अशी झपकन विरली की दट्ट्या धाडकन खाली आला. तिथून पुढे पाणी मुद्दामच आत फवारायला लागले. दट्ट्याच्या कडेला चामड्याचा वायसर, आणि तो सुकू नये, हवा घेऊ नये म्हणून वर पाण्याचा थर. हातपंपातल्या चामड्याच्या बकेटशी ज्याचा संबंध आलाय, त्याला हे वाचून घरचं काही सापडल्यासारखं होईल.

त्यांचं पहिलं नावाजलेलं इंजिन १७१२ मध्ये डडली कॅसलजवळच्या कोळशाच्या खाणीवर बसलं. २१ इंच व्यासाचं सिलिंडर, मिनिटाला बारा ठोके, दर ठोक्याला दहा गॅलन पाणी, १५३ फुटांवरून. मी सवयीने हिशोब केला: साधारण साडेपाच हॉर्सपॉवर. त्यासाठी दोन-तीन मजली इमारत, लाकडी तुळई आणि कोळशाचा ढीग. माझ्याकडे साडेसातची मोटार कोपऱ्यात बारदानाखाली पडलेली असते. पण त्या काळी रात्रंदिवस न थकता एवढं पाणी काढणारं दुसरं काही नव्हतं. कोळसा भरमसाठ खायचं, पण उभं होतं ते कोळशाच्याच खाणीवर, तिथे विचारतो कोण?

आता पितळी इंजिन. बॉयलरचं काम करून आणल्यावर आम्ही ते पेटवलं. सोबतच्या वड्यांना असा घाण वास येतो की शेजारच्या हार्डवेअरवाल्याने डोकावून विचारलं, काय जळालं. पुढे स्पिरिटचा दिवाच वापरला. पहिली काही मिनिटं इंजिन नुसतं पाणी थुंकतं. चाक हाताने फिरवत राहावं लागतं. सिलिंडर तापलं की मग एकदम पकड घेतं आणि टकटकटक सुरू होतं. प्लंजर पंप जोडला की वेग निम्म्यावर येतो, पण वाटीतलं पाणी दुसऱ्या वाटीत टाकतो. उंची विचारू नका, वीतभर. सिलिंडरची बसण बरी आहे, क्रँकची पिन मात्र ढिली. थोडं चाललं की खडखडते. म्हणून तीन.

ते पाणी थुंकणं कंटाळवाणं वाटतं, पण अख्ख्या खोक्यात सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे, आणि पुस्तिका त्यावर एक अक्षर लिहीत नाही. तिच्यात ती जुनीच कथा: लहानग्या जेम्स वॉटने किटलीचं झाकण उडताना पाहिलं आणि वाफेच्या इंजिनाचा शोध लावला. अहो, वॉट जन्मला १७३६ मध्ये. न्यूकोमेनची इंजिनं तोवर चोवीस वर्षं पाणी उपसत होती. वॉटचा खरा प्रवेश माझ्यासारख्यांना जवळचा आहे: तो दुरुस्तीवाला होता. ग्लासगो विद्यापीठात उपकरणं बनवायचा, दुरुस्त करायचा. १७६३ च्या हिवाळ्यात त्याच्याकडे न्यूकोमेन इंजिनाचं एक छोटं मॉडेल दुरुस्तीला आलं. त्याने ते चालू केलं, तर थोडे ठोके मारून बंद पडायचं, कारण बॉयलरची वाफ पुरायची नाही. गिऱ्हाइकाला ‘वापरानंतर आपोआप ठीक होईल’ म्हणून त्याने परत पाठवलं नाही. वाफ जाते कुठे, ते शोधत बसला. छोटं सिलिंडर म्हणजे आतल्या जागेच्या मानाने धातूचा पृष्ठभाग जास्त. दर ठोक्याला गार पाणी मारून ते सिलिंडर थंड करायचं आणि पुढच्या वाफेने पुन्हा तापवायचं. बरीचशी वाफ धातू तापवण्यातच खर्च. माझ्या इंजिनाने थुंकलेलं पाणी म्हणजे तीच वाफ, थंड पितळाला लागून पाणी झालेली. मोठ्या इंजिनात हा तोटा सहज नजरेत भरत नव्हता, खेळण्यात उघडा पडला.

उत्तर त्याला १७६५ मध्ये सुचलं: वाफ थंड करायची तर वेगळ्या भांड्यात करा, सिलिंडर गरमच राहू द्या. १७६९ चं पेटंट आणि १७७६ पासून मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराच्या भागीदारीत प्रत्यक्ष इंजिनं. न्यूकोमेनच्या मानाने कोळसा पाऊण वाचायचा, आणि वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा ते गिऱ्हाइकाकडून घ्यायचे. दुरुस्तीवाल्याला धंदाही कळत होता! वाफ वेगळी थंड करण्याची ही कल्पना कुठे पाहायची असेल तर लांब जायला नको. नाशिकरोडच्या पुढे एकलहऱ्याला जे औष्णिक वीजकेंद्र आहे, तिथे २१० मेगावॉटच्या प्रत्येक संचाच्या टर्बाइनखाली कंडेन्सर असतो. वापरलेली वाफ तिथे थंड करून निर्वात करायचा, म्हणजे टर्बाइनला त्या बाजूने अडथळा राहत नाही. तिथले ते भले मोठे कूलिंग टॉवर त्या कंडेन्सरचं पाणी गार करण्यासाठी.

आता ते शून्य. पुस्तिका म्हणते सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब झाला की वाफ सोडून देणारी झडप, दर चौरस सेंटिमीटरला दीड किलो दाबाला उघडतो. आमच्या धंद्यात कोणाच्या छापील शब्दावर विश्वास ठेवत नाहीत. मी बॉयलर गार पाण्याने गच्च भरला, गेज लावलं आणि हातपंपाने दाब दिला. (तपासणी कायम पाण्याने करायची, हवेने किंवा वाफेने नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे काही फुटलंच तर नुसतं ओघळतं, तुकडे उडत नाहीत.) दीडला काही नाही. दोनला नाही. काटा तीनच्या पुढे गेला तेव्हा कुठे व्हॉल्व्हने जागेवर घाम सोडला. हे मुलांच्या हातात द्यायचं? अंबडच्या एका टर्नरकडून सीट साफ करून घेतली, मऊ स्प्रिंग टाकली, आणि आता तो दीडच्या जरा वर नीट उघडतो. गेज आणि टर्नर हाताशी नसेल तर इंजिन पेटवूच नका, शोकेसमध्ये ठेवा. सेफ्टी व्हॉल्व्ह ही काही नवी चैन नाही. देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने तो १६८० च्या सुमारास आपल्या कुकरला बसवला होता, म्हणजे सेव्हरीच्याही आधी. आपल्या स्वयंपाकघरात प्रेशर कुकर शिट्टी मारतो, त्याचा मूळपुरुष तो. साडेतीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट साडेसात हजारांत धड मिळू नये, याचा मला खरंच राग आला.

बोटीकडे येते. ती आधी घरच्या घंगाळात सोडली. वेटोळ्यात ड्रॉपरने पाणी भरायचं, खाली मेणबत्तीचा तुकडा. मिनिटभरात फटफटफट आवाज सुरू होतो आणि बोट निघते. घंगाळात ती बिचारी कडेला धडकून फिरत बसली, म्हणून दिंडोरीकडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या शेततळ्यावर नेली. द्राक्षबागेचं शेततळं, कडेला प्लास्टिकचा कागद, पाय घसरला तर वर येणं कठीण. मुलांना काठापासून लांब ठेवा आणि बोटीला दोरा बांधा. वारा नव्हता तेव्हा ती सरळ, ऐटीत दोऱ्याच्या टोकापर्यंत गेली. वारा सुटला की मेणबत्ती विझते. तेवढ्यासाठी एक गुण कापला. पत्र्याचा छोटा आडोसा द्यायला काय हरकत होती? शेतमालक आधी हसत होते, मग म्हणाले, "ताई, नांगर टाकायला बघा हिचा."

ही बोट चालते कशी, हे भाचीने मला विचारलं आणि मी सांगायच्या आधीच तिने स्वतः जुळवलं. वेटोळ्यात वाफ झाली की नळीतलं पाणी मागे ढकललं जातं. वाफ पुढे थंड भागात गेली की विरते, जागा रिकामी होते, पाणी पुन्हा आत शिरतं. "मावशी, हा तर तुझा फुगाच आहे, आडवा पाडलेला!" अगदी तसंच. मग तिचा पुढचा प्रश्न: पाणी जेवढं बाहेर जातं तेवढंच आत येतं, तर बोट जागच्या जागीच पुढेमागे का होत राहत नाही? फुंकर घातली की मेणबत्ती विझते, तोंडाने श्वास आत ओढला तर विझत नाही, तसं आहे ते. बाहेर जाणारं पाणी एका रेषेत, मागे, धार होऊन जातं. आत येणारं चहूबाजूंनी गोळा होऊन येतं. म्हणून दोन्ही धक्के एकमेकांना खात नाहीत. या खेळण्याचं पहिलं पेटंट १८९१ चं, थॉमस पियो याच्या नावावर. लहानपणी कालिकेच्या यात्रेत अशी पत्र्याची बोट मिळायची, तेव्हा तिच्या पोटात एवढं काही असेल असं वाटलं नव्हतं.

पुस्तिकेचा बोटींचा भाग वाचून तर मी कपाळावर हात मारला. ‘१८०७ मध्ये रॉबर्ट फुल्टन यांनी वाफेच्या बोटीचा शोध लावला.’ फुल्टनची बोट न्यूयॉर्कहून ऑल्बनीला दीडशे मैल ३२ तासांत गेली आणि तिच्यावर धंदा उभा राहिला, हे खरं. पण फ्रान्समध्ये जुफ्रुआची बोट १५ जुलै १७८३ ला सोन नदीत प्रवाहाविरुद्ध पाव तास चालली होती. अमेरिकेत जॉन फिचने २२ ऑगस्ट १७८७ ला डेलावेअर नदीत बोट चालवून दाखवली, तीही दोन्ही बाजूंनी वल्ह्यांच्या रांगा इंजिनाने हलवून! १७९० च्या उन्हाळ्यात तो तिकीट घेऊन प्रवासी नेत होता. काठाने घोडागाड्यांचा रस्ता चांगला होता, त्यामुळे धंदा बसला. आणि त्याच १७८७ च्या डिसेंबरमध्ये पोटोमॅक नदीत जेम्स रम्सीने जे केलं, त्याला मी पंपवाली म्हणून सलाम करते. त्याने ना वल्ही लावली ना चाकं. वाफेच्या इंजिनावर पंप चालवला, नदीचं पाणी आत घेतलं आणि मागून धार मारून बाहेर फेकलं. बोट पुढे! म्हणजे आमच्या घंगाळातली युक्ती, खऱ्या नदीत, माणसं बसवून.

स्कॉटलंडात विल्यम सिमिंग्टनच्या ‘शार्लट डंडास’ या वाफेच्या बोटीने १८०३ मध्ये फोर्थ-क्लाइड कालव्यातून सत्तर-सत्तर टनांच्या दोन नौका ओढत नेल्या, तेही इतर नौकांना थांबावं लागलं अशा समोरच्या वाऱ्यात. तरी ती पुढे वापरली नाही, कारण चाकांच्या लाटांनी कालव्याचे काठ ढासळतील अशी मालकांना धास्ती. आमच्या गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्याचे खचलेले काठ ज्यांनी पाहिलेत ते त्या मालकांना हसणार नाहीत. आणि फुल्टनच्या बोटीतलं इंजिन कोणाचं होतं? बोल्टन आणि वॉटच्या कारखान्याचं. खाणीतलं पाणी काढता काढता जे सुधारत गेलं, तेच नदीत उतरलं. खोक्यात पंप आणि बोट शेजारी ठेवण्याचं खरं कारण हे आहे, आणि माल बनवणाऱ्यालाच ते माहीत नसावं असा मला दाट संशय आहे.

आपल्याकडचं तर एक नावही पुस्तिकेत नाही. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० ला सुएझला निघाली, तेव्हा एडनपर्यंत पुरावा म्हणून कोळसा कॅबिनींत आणि डेकवरही रचावा लागला होता. त्याच गोदीतल्या वाडिया घराण्यातले अर्देशीर खर्सेटजी. त्यांनी १८३३ च्या सुमारास एक हॉर्सपॉवरचं वाफेचं इंजिन स्वतः बनवलं आणि त्यावर विहिरीचं पाणी उपसून कारंजं चालवलं. त्याच सुमाराला ‘इंडस’ नावाची छोटी आगबोटही बांधली. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, हा मान मिळालेले पहिले भारतीय. पंप आणि बोट दोन्ही एकाच माणसाने केलेलं, तेही मुंबईत, आणि पुस्तिकेत किटली? भाचीने पुस्तिकेतलं काही घेतलं नाही. प्रदर्शनाच्या तक्त्यावर वर अर्देशीर लिहिले, खाली सेव्हरीचा फुगा काढला.

घ्यायचं की नाही, तर असं बघा. नुसती बोट हवी असेल तर एवढे पैसे घालू नका, पत्र्याची साधी बोट फार कमी पैशांत मिळते आणि तशीच चालते. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी फुगा उत्तम आहे, फक्त तापल्या काचेवर थेट गार पाणी ओतू नका, फडकंच टाका, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. खालच्या व्हॉल्व्हचं रबर उष्णतेने कडक होतं, अर्धा गुण त्यासाठी गेला. सोबतचे वायसर कागदी आहेत, ते टाकून द्या. हातपंपाच्या जुन्या चामड्यातून कापलेला वायसर जास्त टिकतो. इंजिन वरचे दोन खर्च करायची तयारी असेल तरच. सेलमध्ये हाच माल पाच हजारांच्या आसपास येतो, तोवर थांबा. आणि नाशिकमधल्या कोणाला सेफ्टी व्हॉल्व्ह गेजवर तपासून हवा असेल तर बॉयलर दुकानात घेऊन या, पैसे घेणार नाही. मात्र एप्रिल-मेमध्ये नको, तेव्हा मोटारींच्या ढिगातून डोकं वर काढायला मला फुरसत नसते.